आवाज तुटतोय? लगेच जास्त स्पीड मागू नका

ऑफिसचे नेटवर्कवर चालणारे फोन आणि वायफाय दोन्ही एकदम गळ्यात पडले? घाबरू नका, असंच शिकणं होतं. फक्त पहिल्याच आठवड्यात मोठ्या कनेक्शनसाठी साहेबांच्या मागे लागू नका. जी.७११ कोडेकचा (आवाज डिजिटल करायची एक पद्धत) एक कॉल इथरनेटवर, म्हणजे वायरच्या नेटवर्कवर, एका दिशेला जेमतेम ८७ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) खातो. आवाजाला रुंद रस्ता नको, वेळेवर पोचणं हवं. एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत, जिटर (विलंबातला चढउतार) ३० मिलिसेकंदांच्या आत, पॅकेट लॉस (वाटेत हरवलेले डेटाचे तुकडे) १ टक्क्याच्या आत. हे आधी मोजा, तेही सकाळी ११ वाजता. रात्री रिकाम्या ऑफिसात सगळंच छान दिसतं!

सुरुवातीला एवढंच:

- फोनना वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर फक्त फोनसाठी वेगळं आभासी नेटवर्क.
- आवाजाच्या पॅकेटवर डीएससीपी ४६ ची खूण, म्हणजे ‘याला आधी जाऊ द्या’ अशी चिठ्ठी. वाटेतल्या एका जरी स्विचने ती पुसली, तरी पुढची मेहनत पाण्यात. प्रत्येक टप्प्यावर तपासा.
- २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६, ११ च. फोन शक्यतो ५ गिगाहर्ट्झवर.

वायफायमधली नेहमीची चूक मीही केली आहे: तक्रार आली की अ‍ॅक्सेस पॉइंटची (वायफाय पसरवणाऱ्या डब्याची) पॉवर फुल्ल. त्याचा सिग्नल फोनपर्यंत पोचतो, फोनचा मात्र परत पोचत नाही. म्हणजे तुम्हाला ऐकू येतं आणि पलीकडचा ‘हॅलो, हॅलो’ करत बसतो. पॉवर कमी करा. मग कॉल चालू ठेवून जिन्यात, पँट्रीत फिरा आणि सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) खाली जाईल ती जागा नकाशावर टिपा.

फास्ट रोमिंग (चालता चालता फोनने एका अ‍ॅक्सेस पॉइंटवरून दुसऱ्यावर झटकन जाणं) वगैरे सध्या राहू द्या. आधी विलंब, जिटर आणि पॅकेट लॉस हे तीन आकडे इथे प्रतिक्रियेत टाका, मग बोलू.