मुलगी वयात येताना: गोव्याहून निघण्याआधी बॅगेतलं काय काढावं

मे महिन्यात फोंड्याला, डिचोलीला, पेडण्याला माहेरी आलेल्या लेकी परतताना मिस्कूट (कैरीचं लोणचं), सोलं, खोबरेल नेतात. सोबत नातीसाठी आजीने घेतलेलं काजळ, सेंटही असतं. मुलगी आठ ते बारा वर्षांची असेल, तर या बॅगेकडे जरा नीट पाहा, कारण यातल्या काही वस्तूंतली रसायनं शरीरातल्या हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करू शकतात.

पहिलं, सुगंध. सेंट, डिओ, बॉडी मिस्टमध्ये वास टिकावा म्हणून थॅलेट नावाचं रसायन वापरलं जातं. लेबलावर त्याचं नाव बहुधा दिसत नाही, नुसतं ‘फ्रॅग्रन्स’ किंवा ‘परफ्यूम’ असतं. कॅलिफोर्नियातल्या 100 किशोरींनी तीन दिवस थॅलेट, पॅराबेन (प्रसाधनं टिकवणारं रसायन), ट्रायक्लोसान (जंतू मारणारं रसायन) नसलेली प्रसाधनं वापरली. 2016 साली छापून आलेल्या त्या अभ्यासात लघवीतला एका थॅलेटचा अंश 27 टक्के, तर मिथाइल पॅराबेन 44 टक्के घटलं. म्हणजे ही रसायनं अंगात मुरून बसत नाहीत. रोज लावतो म्हणून रोज सापडतात. पाळी त्यांच्यामुळेच लवकर येते, हे मात्र सिद्ध झालेलं नाही. वजन आणि आईची पाळी कोणत्या वयात आली, यांचा संबंध कितीतरी पक्का आहे. तरी बॉडी मिस्ट बंद करायला पैसे पडत नाहीत. केसांना घाण्याचं खोबरेल पुरे.

बिनलेबलाचं काजळ, सुरमा नकोच. त्यात शिसं असू शकतं. शिशाचा संबंध उलट, उशिरा वयात येण्याशी दिसतो, आणि मेंदूचं नुकसान वेगळंच.

आता मिस्कूट. तेल, मीठ, आंबटपणा तिन्ही एकत्र असल्याने प्लॅस्टिकमधली रसायनं त्यात उतरू शकतात, म्हणून प्लॅस्टिकच्या डब्यात नको. प्रवासापुरता स्टीलचा घट्ट डबा चालतो. महिनोन्‌महिने ठेवला तर मिठाने स्टीलला खड्डे पडतात. पोचल्यावर काचेच्या कोरड्या बरणीत काढा. झाकणाच्या आतल्या मऊ कडेतून प्लॅस्टिक मऊ करणारी द्रव्यं तेलात उतरतात, म्हणून वर दोन बोटं जागा सोडा आणि बरणी उभीच ठेवा. आजीची जुनी चिनी मातीची बरणी कितीही देखणी असली तरी लोणच्याला नको, तिच्या झिलईत शिसं असू शकतं. गरम हुमण (माशांची आमटी) प्लॅस्टिकच्या डब्यात ओतू नका, त्यातच मायक्रोवेव्हही करू नका.

आठ वर्षांआधी छाती वाढू लागली किंवा दहाआधी पाळी आली, तर साबण बदलत बसू नका. मुलांच्या हार्मोनतज्ज्ञांना दाखवा. तेराव्या वर्षापर्यंत छातीची वाढ नसेल किंवा पंधरापर्यंत पाळी नसेल, तरीही दाखवा. जाताना उंची-वजनाच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या नोंदी न्या. उंची वर्षाला किती वाढली, हे डॉक्टर आधी पाहतात. हाडांचं वय कळायला डाव्या हाताचा एक्स-रेही सांगतात.