आधी आजोबांची बाजू नातीने मांडावी

न्यू जर्सीहून पत्र लिहिणाऱ्या भगिनींनी चार प्रश्न विचारले आहेत. त्यांपैकी एकालाच मी पुरेशी जागा देणार आहे, त्याबद्दल त्यांनी मला क्षमा करावी. त्यांचे सासरे सहा महिन्यांसाठी कोल्हापूरहून आले आहेत, मुलगी अकरावीत आहे आणि आरक्षणाच्या विषयावरून रात्रीच्या जेवणाला दोघांचे रोज वाजते. त्या लिहितात, "ती ताडताड इंग्रजीत बोलते. त्यांना त्यातले निम्मे कळते आणि उरलेले ते आपल्या मनाने भरून घेतात. काल तिने 'यू आर जस्ट राँग' म्हटल्यावर ते पानावरून उठले. आता जेवताना असले विषय काढायचेच नाहीत, असा नियम मी केला आहे. बरोबर केले ना?"

नाही, ताई, बरोबर केले नाही. तुमची ओढाताण मला कळते, कारण एका बाजूला वडीलधारे, दुसऱ्या बाजूला मते फुटू लागलेली मुलगी आणि मधे गरम पोळ्या वाढणाऱ्या आपण, ही अवस्था आपल्यापैकी बहुतेकींनी भोगली आहे. पण शांतता हवी म्हणून तोंडे बंद करण्याचा उपाय आपण परदेशात फार वापरला, आणि त्यात वाढलेली मुले रविवारच्या व्हिडिओ कॉलवर आजोबांशी 'जेवलात का' याच्या पुढे जात नाहीत.

नेहमीचे वाचक आता हसतील, कारण मी पुन्हा पूर्वपक्षावर, म्हणजे आधी समोरच्याची बाजू मांडण्यावर, येणार आहे. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत: तत्त्व कळावे म्हणून होतो तो वाद, जिंकण्यासाठी होतो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची मोडायची ती वितंडा. तुमच्याकडे सध्या जल्प चालला आहे. त्याचा वाद करायचा असेल, तर समोरच्याचे म्हणणे आधी आपण मांडावे, तेही त्याला मान्य होईल अशा शब्दांत, आणि उत्तराला त्यानंतर हात घालावा.

माझे वडील मिरजेला शाळेत शिक्षक होते. आम्हा भावंडांचे भांडण त्यांच्यापुढे गेले, की "होय, हेच म्हणायचे होते मला," असे दुसऱ्याच्या तोंडून येईपर्यंत स्वतःचे गाऱ्हाणे मांडायला आम्हाला बंदी असे. पुढे माझ्या बारा वर्षांच्या मुलाने मुंज करून घ्यायला नकार दिला, तेव्हा वडील टोरांटोला आमच्याकडे होते. चार दिवसांच्या अबोल्यानंतर त्यांनी नातवाला समोर बसवून त्याच नियमाने बोलायला लावले. मुलगा मोडक्या मराठीत म्हणाला, "आजोबांना भीती वाटते, की मी मुंज केली नाही, तर ते गेल्यावर मी त्यांचा राहणार नाही." वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "हे मी बोललो नव्हतो, पण म्हणायचे हेच होते." मुंज झाली नाही आणि वडिलांची खंतही गेली नाही, मात्र संध्याकाळी दोघे बरोबर फिरायला जाऊ लागले. (हाच नियम विसरून मी माझ्या जावेशी दोन वर्षे बोलले नाही, हेही कबूल करते.)

तुमच्या घरी असे केलेत, तर दोघे एकाच गोष्टीवर भांडत नाहीत, हे पहिल्याच दिवशी उघड होईल. मुलगी 'अफर्मेटिव्ह ॲक्शन' (प्रवेश देताना मागे राहिलेल्या गटांचा विचार करणे) म्हणते आणि सासरे 'राखीव जागा' ऐकतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशांतील ठराविक राखीव जागा १९७८ मध्येच अमान्य केल्या होत्या. वंश हा अनेक निकषांपैकी एक म्हणून पाहण्याची मुभा तेवढी उरली होती, आणि हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांच्या खटल्यांत जून २०२३ मध्ये तीही गेली. सासऱ्यांच्या डोळ्यांपुढे हे नसून, तुम्ही लिहिता त्याप्रमाणे, तरुणपणी हुकलेला अभियांत्रिकीचा प्रवेश आहे, आणि ते दुःख नातीने आधी त्यांच्या तोंडून ऐकावे. उलट, ज्या कोल्हापुरात आजोबा वाढले, तेथे शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्याचा हुकूम काढला होता, हे तिला घरात कोणी सांगितले आहे काय? बाजू कोणाची खरी, यावर मलाही मत आहे, पण ते तुम्ही विचारलेले नाही.

ही मांडणी दोघांनीही मराठीतच करावी. इंग्रजीतल्या 'यू'मध्ये आजोबा आणि वर्गातला मुलगा एकाच मापाने मोजले जातात. "आजोबा, तुमचे हे म्हणणे मला पटत नाही," यात विरोध तसूभरही कमी नाही, तरी ऐकणारा पानावरून उठत नाही. सासऱ्यांनाही सूट देऊ नका. "तुला काय कळतंय, आम्ही भोगलंय," हा पूर्वपक्ष नव्हे. नातीची बाजू त्यांनीही मांडून दाखवावी, आणि चुकल्यास तिने ती दुरुस्त करावी.

उरलेल्या प्रश्नांपैकी सासऱ्यांच्या विम्याबद्दल एवढेच सांगते, की आधीपासूनच्या आजारांबाबतचे कलम स्वतः वाचा. सुकटीच्या वासासाठी खिडकी उघडा. आणि "वाद सुरू झाला, की हे फोन घेऊन बाल्कनीत जातात," या तक्रारीचा निकाल सोपा आहे: मांडणी बरोबर झाली की नाही, हे ठरवायला तिसरा माणूस लागतोच, तेव्हा फोन फडताळात ठेवून यजमानांना त्या खुर्चीवर बसवा.