डिस्नेच्या ट्रॉन राइडला फ्लोरिडात इतकी वर्षं का लागली? नव्या राइड्स होईपर्यंत ट्रिप पुढे ढकलावी का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय, "शांघायमध्ये तीच राइड 2016 पासून चालू होती, आराखडा तयार होता, तरी फ्लोरिडात कामगार नुसते उभे असायचे." त्यातल्या शेवटच्या चार शब्दांसाठी हे उत्तर लिहितोय. ट्रिपचं खाली सांगतो.

मी स्टीलच्या बांधकामांचा इन्स्पेक्टर आहे. टँपाजवळ राहतो, ऑर्लँडो तासा-दीड तासावर. ट्रॉनच्या कामाशी माझा काडीचाही संबंध नव्हता, तिथे मी फक्त तिकीट काढून जाणारा माणूस. पण तुम्हाला फोटोत जो "नुसता उभा" दिसतो, तो माणूस दुसऱ्या साइट्सवर मी असतो.

ट्रॉन म्हणजे मोटरसायकलसारख्या गाड्यांचा रोलर कोस्टर. घोषणा 2017 च्या जुलैत झाली, काम 2018 मध्ये सुरू झालं आणि राइड उघडली 4 एप्रिल 2023 ला. म्हणजे घोषणेपासून पावणेसहा वर्षं. या काळात चाहत्यांचे दोन तट पडले होते. एक तट दर आठवड्याला विमानातून काढलेले फोटो बघून छताचे किती तुकडे लागले ते मोजायचा. दुसरा तट तेच फोटो बघून माणसं मोजायचा. माझे साडू दुसऱ्या तटातले.

2021 च्या नोव्हेंबरात ते न्यू जर्सीहून सहकुटुंब आले होते. आम्ही मॅजिक किंगडममध्ये, म्हणजे ट्रॉन जिथे होत होती त्या डिस्नेच्या पार्कात, पीपलमूव्हरवर बसलो. ती टुमॉरोलँड या विभागाच्या डोक्यावरून संथ फिरणारी गाडी, समोरासमोर बाकडी. वळण घेतल्यावर ट्रॉनच्या छताचा पांढरा सांगाडा समोर आला. लाटेसारखा वळत गेलेला, कुठेही सरळ रेघ नाही. मी बघतच राहिलो. असं वळणदार काम जागेवर जुळवणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. साडूंनी बोट दाखवून मोजलं, "एक, दोन, तीन, चार. त्यातला एक काम करतोय आणि तिघं बघतायत. उभ्या उभ्या पगार खातात. म्हणून पाच वर्षं लागतात. चीनवाल्यांनी असं केलं असतं का?"

मी तिथे गप्प बसलो, कारण मुलं बरोबर होती. रात्री जेवताना त्यांनी तोच विषय परत काढला आणि माझा आवाज चढला. त्याचं कारण साडूंना माहीत होतं, तुम्हाला माहीत असायचं कारण नाही, म्हणून सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, कोल्हापूर-सांगलीकडच्या साखर कारखान्यांत इरेक्शनच्या (यंत्रं उभारणाऱ्या) गँगमध्ये फिटर होते. हंगाम संपला की यांचं काम सुरू. जुनी यंत्रं खोलायची, नवी चढवायची आणि पुढच्या हंगामाच्या आत सगळं उभं करून द्यायचं. तिकडचे लोक जाणतात, बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा आणि गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याचा मुहूर्त एकदा ठरला की तो हलत नाही. पाहुणे ठरलेले असतात, मांडव पडलेला असतो, पत्रिका गावोगाव गेलेल्या असतात.

1994 साली एका कारखान्यात (नाव घेत नाही) बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) कन्व्हेयर पट्ट्याची नवी गॅलरी उभी राहत होती. गिरणीपासून बॉयलरपर्यंत उंचावरून जाणारा लोखंडी पूलच तो. त्या पावसाळ्यात काम रखडलं होतं. अण्णांची सवय अशी, की बोल्ट पूर्ण ताणला की पांढऱ्या ऑइलपेंटची एक रेघ नटावरून खालच्या प्लेटवर ओढायची. त्यासाठी दातवणासारखी चावून टोक मऊ केलेली कडुनिंबाची काडी आणि रंगाची छोटी डबी कायम खिशात. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, खालून बघितलं तरी कळतं. मुहूर्ताच्या आदल्या दिवशी गॅलरीच्या दोन जोडांवर रेघा नव्हत्या. बोल्ट बसवलेले होते, पण नुसते हातानं आवळलेले. अण्णा म्हणाले, "आजून दोन दिस द्या. ह्यो जोड झाल्याबिगर पट्टा फिरवू नका." त्यांना सगळ्यांसमोर ऐकावं लागलं, की फिटरच्या गँगनंच वेळ घालवला, दिवसभर वर बघत उभे असतात.

रात्री ट्रायल घेतली. जोड सरकला, गॅलरी एका बाजूला बसली आणि एका हेल्परचा पाय गुडघ्याखाली गेला. वीस-एकवीस वर्षांचा मुलगा होता तो. मोळी ठरल्या वेळेला पडली, भाषणं झाली. अण्णा घरी आले ते सरळ मोरीत जाऊन हात धूत बसले, कितीतरी वेळ. मी नववीत होतो. त्यांनी मला त्या रात्री काही सांगितलं नाही, हे सगळं मला पुढे गँगमधल्या काकांकडून कळलं. पण तो पाण्याचा आवाज मला आजही ऐकू येतो, आणि "नुसते उभे असतात" हे वाक्य मी कुणाकडूनच ऐकून घेऊ शकत नाही. साडूंकडून तर नाहीच.

तर उभा माणूस काय करतो ते ऐका. कोस्टरचा ट्रॅक कारखान्यातून तुकड्या-तुकड्यांत येतो. तो क्रेननं उचलून खांबावर बसवणं हे सगळ्यात झटपट होणारं काम, आणि फोटोत तेवढंच दिसतं. त्याआधी पाया घातलेला असतो, खांब पायाला धरून ठेवणारे अँकर बोल्ट मिलिमीटरच्या हिशेबात जागेवर बसवलेले असतात. नंतर प्रत्येक जोडाचे बोल्ट आधी सगळे जेमतेम घट्ट करायचे, मग ठरलेल्या क्रमानं ठरलेल्या ताणापर्यंत न्यायचे, मग दुसऱ्या माणसानं येऊन तपासायचं आणि कागदावर सही करायची. एक माणूस पाना चालवतो, एक सर्व्हेचं यंत्र धरतो, एक तपासतो, एक क्रेनवाल्याला खुणा करतो. हेच ते साडूंचे चार. त्यात फ्लोरिडाचा उन्हाळा. जून ते सप्टेंबर जवळजवळ रोज दुपारी विजा कडाडतात. वीज जवळ आली की उंचावरची सगळी माणसं खाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. तेव्हा फोटो काढला तर अख्खी साइट रिकामी दिसेल.

शिवाय जागा बघा. शांघायला मोकळ्या जमिनीवर अख्खं पार्क नव्यानं उभं राहिलं, बाजूला एकही पाहुणा नव्हता. आणि ते तरी कुठे झटपट झालं? भूमिपूजन 2011 च्या एप्रिलात, उद्घाटन 2016 च्या जूनमध्ये. मॅजिक किंगडम 1971 पासून चालू आहे. ट्रॉनची जागा स्पेस माउंटन या जुन्या कोस्टरला खेटून. तिच्यासाठी शेजारच्या स्पीडवेचा (छोट्या गाड्या चालवायच्या राइडचा) रस्ता बदलावा लागला. पार्कभोवती फिरणाऱ्या वाफेच्या गाडीचा रूळ तिथूनच जातो, म्हणून ती गाडी 2018 च्या डिसेंबरपासून 2022 च्या डिसेंबरपर्यंत पार्काला फेरी मारू शकली नाही, आणि आता तिथे बोगद्यातून जाते. रोज हजारो माणसं शेजारून चालत असताना त्यांच्या डोक्यावरून क्रेन फिरवता येत नाही. ट्रॅक पूर्ण झाल्यावरही माणसांच्या जागी पाण्यानं भरलेले पुतळे बसवून गाड्या पुन्हा पुन्हा फिरवतात. ट्रॉनच्या त्या फेऱ्या 2022 मध्ये चालू होत्या, आणि तेव्हाही लोक विचारत होते, "राइड फिरतेय की, मग उघडत का नाहीत?"

उलट उदाहरण ऑर्लँडोतच आहे. डिस्नेची प्रतिस्पर्धी कंपनी युनिव्हर्सलची, हॅरी पॉटरमधल्या हॅग्रिडची मोटरबाइकवाली राइड 13 जून 2019 ला उघडली. पहिल्या दिवशी रांग दहा तासांपर्यंत गेली, आणि त्या उन्हाळ्यात देखभालीसाठी सकाळी बंद ठेवून ती दुपारीच उघडायचे. राइड अप्रतिम आहे, मी चारदा बसलोय. पण माझ्या मते ती दोन महिने लवकर उघडली. साडूंना हे सांगितलं की ते विषय बदलतात.

आता एक गोष्ट मान्य करतो, नाहीतर हे उत्तर अर्धं खोटं ठरेल. ट्रॉनचा सगळाच उशीर बोल्ट आणि विजांमुळे झाला नाही. 2020 च्या मार्चमध्ये कोविडमुळे पार्क बंद पडलं, काम थांबलं. जुलैत पार्क उघडलं, पण त्याच सप्टेंबरात डिस्नेनं अमेरिकेतल्या पार्कांमधली 28,000 माणसं कमी करण्याची घोषणा केली. अशा वेळी नव्या राइडवर किती पैसा कधी घालायचा हे ऑफिसात ठरतं, साइटवर नाही. खरं तर ती 2021 मध्ये, पार्कच्या पन्नाशीपर्यंत, होईल असं आधी सांगितलं होतं. त्याच कोविडच्या काळात युनिव्हर्सलनं एपिक युनिव्हर्स या नव्या पार्कचं काम थांबवलं, पण वेलॉसिकोस्टर हा नवा कोस्टर थांबवला नाही आणि 2021 च्या जूनमध्ये उघडूनही दाखवला. म्हणजे ठरवलं असतं तर ट्रॉनही लवकर झाली असती. दीड वर्ष तरी माझ्या हिशेबानं पैशाच्या निर्णयाचं आहे. त्यावरून कंपनीला खुशाल बोला, मीही बोलतो. पण फोटोतल्या माणसाला बोलू नका. वेग त्याच्या हातात कधीच नसतो. त्याच्या हातात एवढंच असतं, की सही करायची का नाही.

2023 च्या मे महिन्यात आम्ही सगळे परत गेलो आणि ट्रॉनवर बसलो. मोटरसायकलसारखं पुढे वाकून बसायचं, पाठीवर आधार येऊन टेकतो, आणि ताशी 95 किलोमीटरच्या आसपास वेगानं त्या छताखालून सुटायचं. साडू उतरल्यावर म्हणाले, "दोन मिनिटांसाठी पावणेसहा वर्षं!" त्या दोन मिनिटांत त्यांची मुलगी माझ्या पुढच्या बाइकवर होती. मी त्यांना एवढंच म्हणालो. ते काही बोलले नाहीत, पण पटलंय असंही नाही. दिवाळीला फोन आला की अजून एकदा तरी टोचतातच. हे उत्तर त्यांनाही पाठवणार आहे.

तुमच्या ट्रिपबद्दल. 2027 ला जायचं ठरलंय तर जा, थांबू नका. 'कार्स' सिनेमावरच्या नव्या विभागासाठी मॅजिक किंगडममधली रिव्हर्स ऑफ अमेरिका ही नदी 2025 च्या जुलैत बंद केली. नदी बुजवून मग त्यावर बांधायचं, असं ते काम आहे. व्हिलन्सचा, म्हणजे डिस्नेच्या खलनायकांचा, विभाग तर त्याच्याही पलीकडे. त्यासाठी थांबाल तर तुमचा दहा वर्षांचा मुलगा कॉलेजात जाईल. तोपर्यंत ट्रॉन आहे, ऑर्लँडोतच एपिक युनिव्हर्स 2025 च्या मे महिन्यात उघडलंय, चार-पाच दिवस सहज जातात. ट्रॉनची आभासी रांग (फोनवरून आधी नंबर लावायची पद्धत) 2024 च्या सप्टेंबरात बंद झाली, आता सरळ रांगेत उभं राहता येतं, फक्त सकाळी लवकर पोहोचा. किमान उंची 48 इंच लागते. मुलाचं बहुतेक जमेल, पण धाकटी सात वर्षांची आहे म्हणालात, तिची उंची आताच दाराला पाठ लावून मोजून ठेवा. बूट घालून मोजा, तिथेही बुटासकटच मोजतात.