येशू 'विसावा' देतो म्हणजे नेमकं काय? कर्ज आणि आजारपण तर तसंच राहतं ना?

तुम्ही लिहून हे विचारलंत. हो, तसंच राहतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. वडिलांना अर्धांगवायू झाला, त्याच वर्षी माझी नोकरी गेली, आणि विहिरीसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर होतंच. आज नोकरी आहे. बाकीचं दोन्ही आहे तिथेच आहे.

आम्ही राहुरी तालुक्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. 'अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन' हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन (11:28) आमच्या ओसरीत कॅलेंडरवर कायम. वर्षं बदलायची, वचन तेच. त्या दिवसांत ते दिसलं की मला राग यायचा. रात्री अडीचला जाग, मग हप्त्यांची बेरीज, फिजिओथेरपीचे पैसे, परत बेरीज. प्रार्थनाही बेरजेसारखीच व्हायची. प्रभू, हे दे, ते फेड. कुठला आलाय विसावा?

पुढची ओळ कॅलेंडरवर नव्हती. तिथे येशू म्हणतो, माझं जू आपणांवर घ्या. दमलेल्याला आणखी जू?

आजोबांचं जुनं जू पडवीत अजून आहे. शिवळांच्या, म्हणजे मानेशेजारच्या खुंट्यांच्या, भोकांपाशी बैलांच्या मानांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं. आजोबा नवा गोऱ्हा कधी दुसऱ्या गोऱ्ह्याबरोबर जुंपत नसत. शेजारी थोरला, शिकलेला बैल. आणि हळसाचा, म्हणजे नांगराच्या लांब दांड्याचा, दोर मधोमध न बांधता थोरल्याच्या बाजूला चार बोटं सरकवायचे, म्हणजे ओढ त्याच्यावर जास्त. गोऱ्हा चालायचा, दमायचाही, पण त्याचा खांदा सोलून निघत नसे. पोळ्याला आमच्याकडे पूजा नव्हती, पण आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळायचे, ती खांदेमळणी आजोबांनी कधी चुकवली नाही. चर्चच्या मंडळीतल्या काहींना ते खपायचं नाही. त्यांच्याकडे बैल नव्हते.

'माझे जू सोयीचे' हे मला त्या पडवीत कळलं. सोयीचं म्हणजे मानेला बसणारं. मार्कच्या शुभवर्तमानात गावकरी येशूला सुतार म्हणतात, आणि दुसऱ्या शतकातल्या जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने लिहून ठेवलंय की तो नांगर आणि जुवं बनवायचा. म्हणजे बोलणाऱ्याला विषय हातचा माहीत होता. त्याच मत्तयात पुढे (23:4) येशू शास्त्री-परूशी या धर्मशिक्षकांवर चिडतो, की ते लोकांच्या खांद्यावर जड ओझी बांधतात आणि स्वतः बोटही लावत नाहीत. मलाही तसे भेटले. 'तुझा विश्वास कमी पडतोय' असं सांगून, चहा पिऊन गेले.

माझं चुकत होतं ते असं, की मी एकटाच ओढत होतो आणि देवाकडे फक्त ओझं उतरवून मागत होतो. मग प्रार्थना बदलली. वडील बरे होतील की नाही हे माझ्याकडे नाही, ते तुझ्याकडे. सकाळी त्यांना अंघोळ घालणं माझ्याकडे, ते मी करतो. बस, एवढीच. त्या रात्री लगेच झोप लागली वगैरे काही नाही. पण बेरीज थांबली. मला विसावा म्हणून जे मिळालं ते हेच.

आणि एका रविवारी उपासनेनंतर कर्जाचा आकडा पहिल्यांदा लोकांसमोर मोठ्याने सांगितला. पैसे कुणी दिले नाहीत, कुणाकडे नव्हतेच. पण मंगळवारी आणि शुक्रवारी कुणी ना कुणी वडिलांजवळ बसायला यायला लागलं. एक काका ना. वा. टिळकांची भजनं म्हणतात, बेसूर. वडिलांची जीभ वळत नाही, पण चांगल्या हाताने ते पलंगाच्या कडेवर ठेका धरतात.

तुम्ही लिहिलंय की झोप उडाली आहे, आणि कधी कधी जगणंच नको वाटतं. मग बायबलमधल्या '1 राजे' या पुस्तकाचा 19 वा अध्याय वाचा. एलीया संदेष्टा असाच रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, परत झोपू देतो, मग पुन्हा उठवून जेवायला घालतो. म्हणून आधी डॉक्टरांकडे जा, आणि हे घरात कुणाला तरी आजच सांगा. मीही गेलो होतो, काही महिने गोळ्या घेतल्या. पाठवलं आमच्या चर्चच्या पाळकांनीच.

प्रार्थना कुठून सुरू करू, असं विचारलंत. बायबलमधलं 13 वं स्तोत्र घ्या. इनमीन सहा वचनं आहेत, आणि 'कोठवर?' असं देवालाच चार वेळा विचारून ते सुरू होतं. मोठ्याने वाचा. घरातले झोपले असतील तर ओसरीत जाऊन.