वाडीची लोकसंख्या कमी असल्यास रस्ता आणि एसटी मिळत नाही, हे खरे आहे का?

आपण विचारले आहे की, रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या वाडीत सुमारे 300 माणसे राहतात आणि 'लोकसंख्या बसत नाही' असे सांगून रस्ता व एसटी दोन्ही नाकारले जाते, ते नियमाला धरून आहे का. मी याच जिल्ह्यात ग्रामपंचायत सदस्य म्हणून काम केले आहे. माझ्या मते रस्त्याच्या बाबतीत हे उत्तर अर्धे खरे आहे आणि एसटीच्या बाबतीत ते बहुतेक वेळा चुकीच्या ठिकाणी दिले जाते.

डिसेंबर 2000 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत सपाट प्रदेशातील 500 व त्याहून अधिक लोकसंख्येच्या, तर डोंगरी राज्यांतील, वाळवंटी भागांतील आणि पाचव्या अनुसूचीतील आदिवासी क्षेत्रांतील 250 व त्याहून अधिक लोकसंख्येच्या, बारमाही रस्ता नसलेल्या वस्त्या पात्र धरल्या गेल्या. आपली अडचण इथेच आहे. रत्नागिरी जिल्हा कितीही डोंगराळ असला तरी महाराष्ट्र हे डोंगरी राज्य गणले जात नाही आणि पालघर किंवा नंदुरबारप्रमाणे या जिल्ह्यात अनुसूचित क्षेत्रही नाही. त्यामुळे जव्हारच्या 300 माणसांच्या पाड्याला जो निकष लागतो, तो आपल्या वाडीला लागत नाही. सह्याद्रीचा उतार दोन्हीकडे सारखाच आहे, पण निकष उतार पाहत नाही.

मात्र या योजनेचे एकक महसुली गाव नसून वस्ती आहे, आणि 500 मीटरच्या परिघातील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरता येते. आपल्या वाडीला लागून दुसरी वाडी असेल, तर दोन्हींची बेरीज मागणीत स्पष्ट लिहावी. जनगणनेच्या ग्रामसूचीत मात्र माहिती महसुली गावाची असते. गावठाणापर्यंत डांबरी रस्ता असला की गावापुढे 'रस्ता आहे' अशी नोंद होते आणि तीन किलोमीटर चढावरची वाडी त्या नोंदीत झाकली जाते. शिवाय ही गणना 2011 मध्ये 9 ते 28 फेब्रुवारीला झाली, म्हणजे शिमग्याच्याही आधी, जेव्हा चाकरमानी मुंबईत असतात आणि तिथेच मोजले जातात. जिल्ह्याची लोकसंख्या 2001 मधील 16,96,777 वरून 2011 मध्ये 16,15,069 वर आली, ती बऱ्याच अंशी मुंबईच्या याच ओढीमुळे. 2024 मध्ये मंजूर झालेला योजनेचा चौथा टप्पाही 2011 च्याच आकड्यांवर उभा आहे.

केंद्राच्या निकषात न बसणाऱ्या वाड्यांसाठी मुख्यमंत्री ग्रामसडक योजना आणि जिल्हा परिषदेचा निधी हे मार्ग उरतात. त्यासाठी आपल्या पायवाटेला ग्रामीण मार्ग म्हणून क्रमांक मिळालेला आहे का, हे जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात आधी पाहावे. क्रमांक नसलेल्या वाटेसाठी निधी मागणे म्हणजे सातबारा नसलेल्या जमिनीवर कर्ज मागण्यासारखे आहे.

एसटीचा हिशेब निराळा आहे. आगार व्यवस्थापक प्रामुख्याने फेरीचे भारमान (म्हणजे गाडीतील किती जागा भरतात), रस्त्याची स्थिती आणि शेवटी गाडी वळवायला जागा आहे की नाही हे पाहतात. त्यामुळे वाडीच्या एकूण लोकसंख्येपेक्षा रोज शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींची नावानिशी यादी अर्जासोबत जोडणे अधिक परिणामकारक ठरते. सकाळच्या आणि संध्याकाळच्या एकेका फेरीची मागणी मान्य होणे त्यामानाने सोपे असते.

लोकसंख्येइतकीच मोठी अडचण जमिनीची आहे, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. प्रधानमंत्री योजनेत भूसंपादनासाठी पैसे मिळत नाहीत. जमीन मालकांनी स्वखुशीने द्यावी लागते. कोकणात एकेका सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार असतात आणि त्यांतले बरेच जण मुंबई-ठाण्यात राहतात. एका सहीवाचून काम वर्षानुवर्षे अडते. म्हणून ग्रामसभेचा ठराव झाल्यावर संमतिपत्रे आधीच तयार ठेवून, सगळे हिस्सेदार गणपतीला घरी येतात तेव्हाच सह्या घ्याव्यात.