वाचकांचे प्रश्न: निरोगी कातडीतल्या पेशी

प्रश्न: निरोगी गाईच्या मानेवरच्या कातडीचा तुकडा तपासला. रक्तवाहिन्यांभोवती लिम्फोसाइट (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) आणि मास्ट पेशी (कणांनी भरलेल्या संरक्षक पेशी) दिसल्या. याला त्वचादाह म्हणायचं का?

उत्तर: तेवढ्यावरून नाही. कातडीच्या आतल्या थरात, बारीक रक्तवाहिन्यांजवळ आणि केसांच्या मुळांशी, सुटे लिम्फोसाइट, मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) आणि मास्ट पेशी असायच्याच; त्या घरच्या. न्यूट्रोफिल (जंतूंवर धावून जाणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) मात्र पाहुणे. रक्तवाहिनीच्या आत असतील तर हरकत नाही, बाहेर जमलेले दिसले तर कारण शोधा.

मास्ट पेशी टोल्युइडिन ब्लूने रंगवा, कण जांभळट दिसतात. (जर्मनमध्ये ‘मास्ट’ म्हणजे जनावर खाऊ घालून पुष्ट करणं. कणांनी ठासलेल्या पेशी त्यांना नाव देणाऱ्या पॉल एर्लिख या शास्त्रज्ञाला खाऊन फुगलेल्या वाटल्या!) बाह्यत्वचेतल्या फांद्या फुटलेल्या लँगरहान्स पेशी (बाहेरून आलेलं प्रथिन पकडणाऱ्या) मात्र नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात ओळखू येत नाहीत. टी पेशींचे (हा लिम्फोसाइटचाच एक गट) प्रकारही त्यात कळत नाहीत, त्यासाठी प्रतिपिंडांनी (ठरावीक खुणेलाच चिकटणारी प्रथिनं) रंगवावं लागतं. यातल्या काही प्रतिपिंडांना गोठवलेलाच तुकडा लागतो, म्हणून फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायच्या द्रावणात) टाकण्याआधी प्रयोगशाळेला विचारा.

घोटाळा बहुतेक वेळा नमुना घेतानाच होतो. केस कातरा, पण कातडी घासू नका. वरचा थर निघून जातो. 2 टक्के लिग्नोकेन (बधिर करायचं औषध) कातडीखाली द्या. कातडीतच टोचलं तर ती फुगते आणि सूज असल्याचा भास होतो. 6 मिमीचा पंच (तुकडा कापायचं गोल पात्याचं हत्यार) एकाच दिशेने फिरवा. तुकडा चिमट्यात दाबू नका, सुईच्या टोकाने उचला. लिम्फोसाइट नाजूक, चिरडले की त्यांची केंद्रकं धाग्यांसारखी ओढली जातात आणि मग मोजणार काय? तुकड्याच्या दहापट 10 टक्के बफर्ड फॉर्मलिन घ्या. त्यात आठवडेच्या आठवडे पडून राहिला तर मास्ट पेशी नीट रंग घेत नाहीत. तुलनेचा तुकडा शरीराच्या त्याच जागेचा हवा, कारण कातडीची जाडी जागेनुसार बदलते.

प्रश्न: ट्युबरक्युलिन (क्षयाच्या तपासणीचं, क्षयजंतूपासून काढलेलं प्रथिन) कातडीतच का टोचतात? 72 तास का थांबायचं?

उत्तर: कातडीतल्या पेशी ते प्रथिन उचलून टी पेशींना दाखवतात. आधी क्षयजंतूशी गाठ पडलेल्या टी पेशी हळूहळू तिथे जमतात, मॅक्रोफेजना बोलावतात आणि कातडी जाड होते. याला दोन-तीन दिवस लागतात. 0.1 मिली बरोबर बसलं की वाटाण्याएवढी गाठ बोटाला लागते. ती लागली नाही तर औषध खाली उतरलंय. मग 72 तासांनी कॅलिपरने (जाडी मोजायच्या साधनाने) घेतलेलं माप फसवं.