नाशिकचं ऑडिट आणि वास्कोचा स्टँड

"मावशी, मी 27 वर्षांची. कळव्याला आईबाबांबरोबर राहते, ठाण्यात एका सीएच्या ऑफिसात नोकरी करते. चार वर्षं मी मुंबईतल्या एका छोट्या फुटबॉल क्लबच्या मागे आहे. नाव छापू नका, आम्ही इतके थोडे आहोत की लगेच ओळखू येईन. संघ खालच्या लीगमध्ये आहे आणि तिथूनही आणखी खाली जायच्या बेतात आहे. यंदा बाहेरगावच्या सहा मॅचना गेले. एक बरोबरी, पाच हार. दोनदा आरएसीच्या अर्ध्या सीटवर बसून रात्र काढली. घरी दर वेळी 'बाहेरगावी ऑडिट आहे' असं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर पाठवलंच नसतं.

गेल्या महिन्यात वास्कोच्या टिळक मैदानावर मॅच होती. घरी नाशिक सांगितलं होतं. मॅच यूट्यूबवर दाखवत होते. बॉल बाहेर गेला की कॅमेरा आमच्यावर यायचा, कारण त्या बाजूला आम्ही नऊच जण, आणि त्यात मी एकटी मुलगी. मावसभावाने क्लिप घरच्या ग्रुपवर टाकली. तेव्हापासून बाबा बोलत नाहीत. ते रेल्वेतून निवृत्त झालेत. मुळात कमी बोलतात, पण असं कधी नव्हतं. आई एकच विचारते, 'कोण आहे तो?' मावशी, कुणीच नाही हो. येत्या रविवारी म्हापशाला शेवटची मॅच आहे. हरलो तर खाली जाणार. त्याच रविवारी आईने एक स्थळ बोलावलंय, मला न विचारता. काय करू?"
ऑडिटवाली, कळवा

प्रिय ऑडिटवाली,

म्हापशाला जा. घरातून निघताना म्हापशालाच जातेय असं सांगून जा. आणि त्याच्या आधी बाबांची माफी माग. क्रम हाच ठेव.

माझे वडील परळच्या एका गिरणीत होते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तेव्हा टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स असे कंपन्यांचे संघ मुंबईच्या मैदानांवर भिडायचे आणि रोव्हर्स चषकाला कोलकात्याहून मोठे संघ यायचे. वडिलांना कूपरेजच्या फुटबॉल मैदानाचं वेड होतं. मुंबईतल्या स्थानिक हारवूड लीगचे सामनेसुद्धा सोडायचे नाहीत. आईला सांगायचे, ओव्हरटाइम आहे. आई काही बोलायची नाही, पण पँट धुवायला तीच घ्यायची आणि गुडघ्यापर्यंत चिखल तिला दिसायचा. गिरणीत कसला आलाय चिखल? शिवाय ओव्हरटाइमचे पैसे कधी घरात आले नाहीत. वडील गेल्यावर बऱ्याच वर्षांनी ती मला म्हणाली, "फुटबॉलला जातो म्हणाले असते तर मी डबा भरून दिला असता गं. तीन वर्षं मी मनातल्या मनात मटक्याचा हिशेब करत होते."

तीन वर्षं! माझे वडील आयुष्यात मटका खेळले नाहीत. तरी माझ्या आईने त्या मटक्यापायी रात्री जागून काढल्या.

तुझी आई आज तेच करतेय. तू काही सांगितलं नाहीस, म्हणून तिने आपल्या मनाने एक मुलगा उभा केला. त्यात गाव निघालं गोवा. कळव्यातल्या कुठल्याही आईला मुलगी नाशिक सांगून गोव्यात सापडली तर दुसरं काय सुचणार? तिच्यावर रागावू नकोस. 'कुणीच नाही' हे उत्तर खरं असलं तरी तिला त्याचा उपयोग नाही. मग तिथे होतं कोण, हे तिला सांग. आठ जणांची नावं सांग, कोण काय करतो, कोण कुठे राहतो ते सांग, फोटो दाखव.

आता जरा कठीण बोलते. खरं सांगितलं असतं तर पाठवलं नसतं, असं तू लिहितेस. ते मला पूर्ण पटलं नाही. ऑडिटसाठी हेच आईबाबा तुला एकटीला बाहेरगावी पाठवतात. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक बरोबरी आणि पाच हार आहेत, आरएसीची सीट आहे, पण तुला तिथे जायला आवडतं हे वाक्य कुठेच नाही. गणपतीला कोकणात जाणाऱ्याला कुणी कारण विचारत नाही. क्रिकेटची फायनल बघायला वानखेडेला निघालीस तर बाबा घरातून निघायची वेळही सांगतील. पण रात्रभर गाडीत बसून हरणाऱ्या संघाला बघायला जायचं, हे बोलून दाखवायला तुझी जीभ रेटली नाही. घरच्यांनी संघाला हसू नये म्हणून तू त्याला लपवलंस. मला हे समजतं, आणि त्याचं वाईटही वाटतं, कारण यात लाजण्यासारखं काही नाही.

नऊ जण म्हणजे काय, हे तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. भरलेल्या स्टेडियममध्ये एक माणूस आला नाही तर फरक पडत नाही. नवातला एक कमी झाला की गोलकीपरला ऐकू येतं. परक्या मैदानावर, शून्य-तीनने मागे असताना, मागून आपल्या गावची हाक येणं त्या पोरांच्या किती कामाचं असेल! हे बाबांना सांग. गोल किती झाले ते नंतर.

आणि पुढच्या हंगामावर काही ढकलू नकोस. मुंबईच्या फुटबॉलमध्ये ते परवडत नाही. महिंद्र युनायटेडने 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली होती, तरी 2010 मध्ये कंपनीने संघ बंद केला. मुंबई एफसी 2007 मध्ये सुरू झाला, 2017 मध्ये आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत तळाला गेला आणि त्याच वर्षी संपला. त्याच हंगामात विजेता ठरला मिझोरामचा ऐझॉल. हाच ऐझॉल आदल्या वर्षी खाली गेलेला होता, त्याला परत घेतलं गेलं. त्याचे प्रशिक्षक होते खालिद जमील, ज्यांनी कित्येक वर्षं मुंबई एफसीच सांभाळला होता. ही गोष्ट चमत्काराची आशा लावायला सांगत नाहीये. तुमच्या संघाचं तसं होईल असं मला वाटत नाही. पण कूपरेजवर मुंबई एफसीसाठी घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्या मुलांना 2017 नंतर जायला जागाच उरली नाही. तुझा संघ आज आहे आणि रविवारी म्हापशाला खेळणार आहे.

माफीचं बोलू. बाबांसमोर बस आणि सांग, "मी सहा वेळा खोटं बोलले. चुकलं." त्याला 'पण' जोडू नकोस. रविवारचा विषय त्याच दमात काढू नकोस, नाहीतर माफी परवानगीसाठी मागितली असं होईल. एक रात्र जाऊ दे.

बाबांचा अबोला मी आईच्या प्रश्नापेक्षा जास्त गंभीर मानते. त्यांना मुलाचा संशय आहे असं मला वाटत नाही. जन्मभर ज्यांनी रेल्वेत नोकरी केली, त्यांची मुलगी त्याच रेल्वेत अर्ध्या सीटवर रात्र काढते आणि त्यांना साधं विचारतही नाही! आपण मुलीच्या काही कामाचेच उरलो नाही, असं वाटलं असेल त्यांना. मैदानावर ओढून नेऊ नकोस त्यांना. फुटबॉल आवडलाच पाहिजे असा हट्ट तर नकोच. त्यांना जे येतं ते त्यांच्याकडे माग.

स्थळाचं सोपं आहे. आईला सांग, बघायला माझी हरकत नाही, रविवार सोडून कुठलाही दिवस ठरव. मला न विचारता दिवस ठरवलास हे मला लागलं, हेही शांतपणे सांग. आणि तो मुलगा येईल तेव्हा पोह्यांची बशी पुढे ठेवण्याआधी त्याला सांगून टाक, की मी एका हरणाऱ्या संघाच्या मागे गावोगाव जाते. त्याचा चेहरा नीट बघ. पगाराच्या आकड्यापेक्षा त्यातून जास्त कळेल.

खर्च तुझ्या पगारातून होतोय आणि घरचा वाटा तू देतेस असं मी धरून चालते. तसं नसेल तर आधी ते नीट कर.

आता गाडी. शनिवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या घेतलीस तर रविवारी सकाळी थिवीला उतरशील, तिथून म्हापसा जवळच आहे. शनिवारच्या स्लीपरचं तात्काळ शुक्रवारी सकाळी 11 वाजता उघडतं. स्लीपरमध्ये बायकांसाठी वेगळा कोटाही असतो. तुला तो माहीत नसावा, बाबांना नक्की असेल. गुरुवारी रात्री जेवणं झाली की त्यांच्याकडे जा आणि विचार, "बाबा, मला बर्थ मिळवून द्याल?"

आणि आईकडे शनिवारसाठी डबा माग. सोबत आठ जण आहेत म्हणावं.

तुझी,
मावशी